एका ओळीची चौकट

जळगावात बसून मी लग्नं जुळवणारं ॲप बनवलं. निरोपासाठी एका ओळीची चौकट ठेवली. त्यात लांब मजकूर तुटतो, अशी तक्रार आली तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "लोकांनी थोडक्यात लिहायला शिकावं."

मग त्याच ॲपवर मी भडगावच्या शिल्पाला मागणी घातली. उत्तर आलं, "संघपाल, तुमच्याशी लग्न करायला माझी हरकत". पुढचं 'आहे' मी मनातच जोडलं. "समजलो. शुभेच्छा!" असं मोठ्या मनानं कळवलं आणि आठवडाभर धड जेवलो नाही.

तीन महिन्यांनी ॲपच्या मदत क्रमांकावर, म्हणजे माझ्याच फोनवर, तिचा आवाज आला. "मी भडगावची शिल्पा. माझं लग्न ठरलंय. ॲपवरून नाव काढायचं होतं."

"मी संघपाल बोलतोय," मी धीर करून म्हणालो. "माझ्यात काय खटकलं होतं?"

"काहीच नाही! हरकत नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं मी. तुम्हीच शुभेच्छा देऊन मोकळे झालात."

"चौकटीत 'नाही' मावलं नसेल," मी पुटपुटलो.

"कोणत्या मूर्खानं बनवलंय हो हे ॲप?"

"होता एक धुळ्याचा," मी म्हणालो. "काढून टाकलं त्याला."