शर्यतीआधीचा घास

दर सायकल शर्यतीच्या आदल्या दिवशी ओडिलोन घरच्या वासराच्या मांसाचा सगळ्यात चांगला तुकडा पोरासाठी, वानेससाठी, राखून ठेवायचा. वानेस डोपिंगमध्ये सापडला आणि त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली, तेव्हा गावच्या बारमध्ये दिमाखात टांगलेली त्याची जर्सी ओडिलोननंच खाली ओढली. "फ्लँडर्सभर नाक कापलंस माझं!" वानेसनं एका शब्दानंही खुलासा केला नाही.

आज गोठा आवरताना, वासरं लवकर अंगानं भरावीत म्हणून चोरून टोचायच्या औषधाची जुनी बाटली ओडिलोनच्या हाती लागली. तिच्यावरचं नाव त्यानं पोराच्या बातमीत वाचलं होतं.

त्यानं वानेसला फोन लावला. "तेव्हाच बोलला का नाहीस रे?"

 

"तुम्हाला आत टाकलं असतं, बाबा. माझी नुसती सायकलच गेली."