अंगाईतला वाटा

दोन ओळी गाऊन मृण्मयीनं श्वास घेतला. तेवढ्या शांततेत भिंतीवरचा स्पीकर टिंग वाजला.

"ताई, पुढची ओळ दुकानाची. घरातही म्हणता येणार नाही."

गायिका परवडत नव्हती म्हणून तिनं आपण बनवलेल्या व्हिडिओ गेममध्ये स्वतःचीच अंगाई घातली होती. गेम विकणारं ऑनलाइन दुकान आता आपला वाटा पैशांत घेत नसे. गेममधल्या प्रत्येक गोष्टीचा तिसरा हिस्सा कायमचा ठेवून घेई.

"अरे, लेकीसाठी रचलीय मी ती!"

"पण गिऱ्हाईक आम्हीच आणलं ना, ताई?"

"आणि हिलाही तुम्हीच आणलंत का?" ती करवादली.

कुशीतल्या रेवानं डोळे उघडले.

"आई, तिसऱ्या ओळीत चांदोबा घरी येतो ना? मग आज तो कुठे झोपणार?"