तांदळातलं नाव

"मुंबईला गेलीस तर माहेर तुटलं समज, आक्का," संपत म्हणाला. नव्या गाडीचं इंजिन त्यानं बंदसुद्धा केलं नव्हतं.

प्रेमलाबाई पिशवी भरत राहिल्या. वडिलांची हिंजवडीतली तीन एकरं आता कंपनीच्या भिंतीला लागली होती आणि संपतला ती एकट्याला हवी होती.

आड आली होती वडिलांची, ज्ञानदेवांचीच, धाकटी लेक मुक्ताई. लग्नात सासरच्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून तिचं नाव बदललं होतं. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. दोन्ही नावांची बाई एकच, हे सिद्ध होत नाही, असं पुण्याच्या कोर्टानं ठरवलं. चाळीस वर्षं भाऊबीजेला ओवाळणारी बहीण कागदावर परकी झाली.

"निकाल लागलाय की," संपत म्हणाला.

"पुण्याचा लागलाय. मुंबईचा न्हाई."

"हायकोर्ट काय नव्यानं ऐकतंय व्हय?"

"पहिल्या अपिलात समदं तपासत्यात. मुक्ताईच्या वकीलबाईंनी माझं प्रतिज्ञापत्र दिलंय."

"तुझ्याच अंगावर येईल ते!"

"येऊ दे. बापाची लेक परकी ठरवून तू दिलेली साडी नेसू व्हय मी? घेऊन जा ती."

साडी त्यांनी गाडीच्या खिडकीतून आत टाकली. भावाला भ्यायचे दिवस सरले होते. भ्यायल्यानं काय झालं, ते त्या रोज आठवून जळत होत्या.

हायकोर्टात सोबतीला सरोजिनी होती. पदराचं टोक मुठीत धरून ती बसली होती.

संपतच्या वकिलानं पुण्याचा निकाल वाचून दाखवला. न्यायमूर्तींनी प्रतिज्ञापत्र उलटसुलट पाहिलं आणि मराठीत विचारलं, "नाव बदलताना पाहिलेली बाई आली आहे का?"

प्रेमलाबाई उठल्या.

"मी पाह्यलं, साहेब. पाठराखीण म्हणून नवरीसंगं मीच गेले व्हते. माझ्या डोळ्यादेखत मुक्ताईची सरोजिनी झाली. ही बघा," त्यांनी शेजारी बसलेल्या सरोजिनीच्या खांद्यावर हात ठेवला.

सरोजिनीनं तोंडाला पदर लावला.

न्यायमूर्तींनी खालच्या कोर्टाचे कागद चाळले. एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

"पण पुण्यात सख्ख्या थोरल्या बहिणीनं शपथेवर सांगितलंय, की ही बाई आमची कोणी नाही. त्या साक्षीवरच निकाल झाला. ती बहीण कुठे आहे?"

"तुमच्यासमोर उभी हाय, साहेब."