डावा कोपरा

शब्दकोशाच्या कचेरीत आमची रीत ठरलेली: शब्दाचं मूळ शोधणारीनं टाइप केलेल्या कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात सही करायची, तपासणारीनं उजव्या. ‘साक्षी’चं कार्ड माझं. स म्हणजे सह, अक्ष म्हणजे डोळा. ज्यानं डोळ्यांनी पाहिलं तो. सर्वांत जुना दाखला शोधण्यात चार महिने गेले. तपासून सही केली शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं. छापील पानावर मात्र मूळ शोधणाऱ्याचं नाव संपादकांचं. खणातून कार्ड काढलं, तर डावा कोपरा कात्रीनं कापलेला. जाब विचारला, तेव्हा संपादकांनी तिलाच बोलावलं. “हे कुणी लिहिलं, आठवतं?” चष्मा पुसत ती म्हणाली, “नाही आठवत, सर.” जागेवर परतल्यावर ती कुजबुजली, “माझी नोकरी पक्की व्हायचीय गं. समजून घे.” मग नेहमीसारखं तिनं स्वतःचं नवं कार्ड मला तपासायला दिलं. मी उजव्या कोपऱ्यात सही केली आणि कार्डासोबत कात्रीही तिच्याकडे सरकवली.