चमच्याचा आवाज

प्राण्यांच्या निवाऱ्यातून दत्तक घेतलेली मांजरी आठ महिने पलंगाखालीच राहिली. जन्म उकिरड्यावरचा, हात पुढे केला की नखं बाहेर. बायको म्हणायची, “मांजर पाळलंय की भाडेकरू ठेवलाय?” वाटीवर चमचा वाजवला तरच ती यायची, खाऊन पळायची. आज मी पिंजऱ्यात वाटी ठेवून चमचा वाजवला. ती आत गेली आणि मी दार लावलं. पिंजरा घेऊन निवाऱ्यात पोचलो, तिथल्या बाईंनी माझा अर्ज वाचला. “परत करण्याचं कारण: माणसाळत नाही.” मागे कुत्री भुंकली, तशी मांजरी सरकत जवळ आली आणि गजांवरच्या माझ्या बोटांना डोकं टेकवून बसली. पहिल्यांदाच. बाईंनी पाहिलं. “हाक कशी मारता हिला?” “वाटीवर चमचा वाजवतो.” “मग तो चमचा ठेवून जा, दादा.” मी खिशातून चमचा काढून टेबलावर ठेवला. तो वाजला. मांजरी उठून रिकाम्या वाटीपाशी जाऊन बसली.