मातुरँचं रक्त

स्वतःच्याच दफनाची नोंद वाचून ओव्हिला कोर्मालेला आधी हसूच आलं.

त्र्वा-रिव्हिएर शहराच्या दप्तरखान्यात तो खरं तर आजोबांसाठी आला होता. रविवारी गावच्या चर्चसमोर मातुरँ कोर्मालेच्या नावाची शिळा उघडायची होती. मातुरँ म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी जहाजात बसून फ्रान्सहून क्वेबेकला आलेला त्यांचा मूळपुरुष. कुळमंडळाचा अध्यक्ष म्हणून पडद्याची दोरी ओव्हिलाच ओढणार होता, आणि भाषणात आजोबांच्या मृत्यूची तारीख चुकून चालणार नव्हती. चर्चच्या जुन्या नोंदींची फिल्म फिरवत आजोबा गेले तो हिवाळा त्यानं यंत्राच्या काचेवर आणला. आजोबा सापडले. त्यांच्या लगेच खाली ओव्हिला. आजुतोर आणि ब्लांश कोर्माले यांचा मुलगा, वय चार महिने, घटसर्प.

"थोरला भाऊ असणार," तो पुटपुटला. त्यात नवल ते काय! गेलेल्या पोराचं नाव पुढच्याला ठेवायची चाल मातुरँच्याही घरात होती. एका घरात एकच नाव दोनदा दिसलं तर गोंधळू नका, पहिलं मूल गेलं असं समजा, हे तो मंडळातल्या नवशिक्यांना नेहमी बजावायचा.

मग त्यानं आपल्या बाप्तिस्म्याची नोंद काढली. तारीख त्याच्याच वाढदिवसाची, पण त्या दफनाच्या बरोबर चार महिने आधीची. म्हणजे हा तर त्या थोरल्याचा बाप्तिस्मा! त्यानं पुढचं वर्ष चाळलं, त्याच्या पुढचंही चाळलं. दुसरा ओव्हिला या घरात जन्मलाच नव्हता. जो जन्मला, तो मातीत गेला होता.

ओव्हिलाच्या पायाखालची जमीन सरकली.

शेजारी त्याची थोरली बहीण रोलांद विणत बसली होती. गाडी चालवत तीच घेऊन आली होती, पण गेला आठवडाभर त्याच्याशी धड बोलत नव्हती. कारणही तसंच होतं. तिची नात मिर्लांद, हैतीहून दत्तक आणलेली पोर, रविवारी दोरीला मी पण हात लावणार म्हणून हट्ट धरून बसली होती. आणि ओव्हिलानं भर सभेत ठणकावलं होतं, "ज्याच्या अंगात मातुरँचं रक्त नाही, त्याचा हात त्या दोरीला लागायचा नाही!" सभा चिडीचूप झाली होती. आपल्या शब्दाला काय मान आहे, म्हणून तो मनातून सुखावला होता. पोर रडत घरी गेली होती.

"ताई, हे बघ." त्यानं काचेवरच्या नोंदीवर बोट ठेवलं. "मग मी कोण गं?"

रोलांदनं सुया बाजूला ठेवल्या, चष्मा लावला आणि वाचलं.

"सापडलं म्हणायचं एकदाचं," ती म्हणाली. "थोरला गेला आणि आईनं अंथरूणच धरलं. बर्फ वितळल्यावर बाबा तिला शहरात नन्सच्या अनाथालयात घेऊन गेले. येताना तिच्या कोटात तू गुंडाळलेला. थोरल्याचंच नाव आणि वाढदिवस तुला दिला, पाद्रीबाबांनी डोळेझाक केली. त्या रात्री आई पोटभर जेवली. मी होते की तेव्हा सात वर्षांची."

"दर वाढदिवसाला आई मला दफनभूमीत न्यायची. एका बिननावाच्या दगडावर फूल ठेवायला लावायची. म्हणायची, हा देवदूताचा दगड."

"तोच तो."

ओव्हिलाला रडू कोसळलं. एवढा सत्तरीचा बाप्या, लोकांदेखत हमसून हमसून रडला. उभा जन्म त्यानं या कुळाच्या फांद्या शोधण्यात घालवला होता, आणि त्यातली एकही त्याची नव्हती. मिर्लांदचं रडवेलं तोंड डोळ्यांपुढून हलेना.

"रविवारी कोणत्या तोंडानं लावू गं मी त्या दोरीला हात?"

"मिर्लांदचा हात धर आणि लाव."

"आणि गावाला कळलं तर?"

"कळलं तर?" रोलांदनं विणकाम पिशवीत कोंबलं. "अरे वेड्या, आई तुला घेऊन आगगाडीतून उतरली तेव्हा गावातलं लहानथोर झाडून स्टेशनावर जमलं होतं. त्या दिवशी सभा एवढी चिडीचूप का झाली, असं वाटलं तुला?"