धुळाप्पाचं मशीन

सायलेन्सरची जाळी काढून भोक मोठं केलं, की झाडं कापायचं मशीन सुसाट चालतं. होटगीत या कामात शरणबसवचा हात धरणारा कुणी नव्हता. आज धुळाप्पाचं मशीन घेऊन त्याची बायको बाळाबाई आली होती.

“जोर वाढंल अक्का, पन आवाज लई हुईल.”

“माळावरनं माझ्या घरापातूर यील?”

“यील की. भोक बारीक ठिवू का?”

“नगं. गेल्या साली माळावर ह्यांचा पाय कापला, तर सांजपातूर कुनाला पत्ता न्हवता. आता आवाज थांबला की मला कळंल.”

शरणबसवला हसू आलं. “अक्का, पेट्रोल भरायलाबी मशीन बंद करावं लागतंय की.”

“व्हय. परत चालू हुईपातूर दारात हुबी ऱ्हाईन.”